हेलवुडचं पदक

फौजेत पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. पदक भंगारवाल्याकडे पोचलं तरी ते कुणाचं हे कळतं. शर्यतवीराच्या हेल्मेटला अशी कड नसते. जोडीला त्या वेळचा फोटो किंवा कागद नसेल तर ती नुसती जुनी वस्तू.

माइक हेलवुडचंच घ्या. हा इंग्रज पठ्ठ्या मोटरसायकलवर 9 वेळा जगज्जेता. 11 वर्षांच्या खंडानंतर 1978 मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटीला परतला आणि डुकाटीवर जिंकला! कंपनीनं पुढच्याच वर्षी ‘माइक हेलवुड रेप्लिका’ विकायला काढली. तो स्वतः मार्च 1981 मध्ये साध्या रस्त्यावर, वळणाऱ्या ट्रकवर मोटार आदळून गेला. लहान मुलगीही गेली. रेप्लिका मात्र पुढेही काही वर्षं बनत राहिली. तेव्हा 1984 च्या टाकीवर कुणी त्याची पेनानं केलेली सही दाखवली, तर पाकीट खिशातच ठेवावं.

माझा जीव त्याच्या एका पदकावर आहे, आणि ते मोटरसायकलवर मिळालेलं नाही. मधल्या काळात तो मोटारींच्या शर्यतीत उतरला होता. 1973 मध्ये दक्षिण आफ्रिकेत कायलामीला त्याची आणि क्ले रेगाझोनीची गाडी आदळली. रेगाझोनी आगीत अडकला. हेलवुड त्याला सोडवायला धावला, तर त्याचेच कपडे पेटले. ते विझताच तो पुन्हा आगीत शिरला आणि रेगाझोनीला बाहेर काढलं. त्याबद्दल त्याला जॉर्ज मेडल मिळालं, आपल्या शौर्य चक्राच्या जातीचं.