शेतीचा उदय : क्रांती की क्रमविकास?

अन्नसंकलनाकडून अन्नोत्पादनाकडे झालेल्या संक्रमणास गॉर्डन चाइल्ड यांनी १९३६ साली ‘नवाश्मयुगीन क्रांती’ म्हटले. हवामान शुष्क झाल्याने मनुष्य, पशू व वनस्पती पाणथळ जागी एकत्र आल्या व त्या सान्निध्यातून शेती जन्मली, असे त्यांचे प्रतिपादन होते. इराकमधील जार्मो येथे रॉबर्ट ब्रेडवुड यांनी १९४८ ते १९५५ या काळात केलेल्या उत्खननांनी अभ्यासकांचे लक्ष डोंगरपायथ्यांकडे वळविले. वन्य गहू व सातू तेथे मूळचेच होते.

सीरियातील अबू हुरैरा येथील १९७२-७३ च्या उत्खननाने प्रश्नास निराळे वळण दिले. युफ्रेटिसकाठच्या या वसाहतीत सुमारे १३,००० वर्षांपूर्वी लोक स्थिर राहत. परंतु त्यांचा निर्वाह हरिणांच्या शिकारीवर व रानधान्यांवर चाले. म्हणजे येथे स्थैर्य आधी, शेती मागाहून. पिकलेल्या ओंबीतील दाणे आपोआप न गळणे ही धान्य मानवाधीन झाल्याची खूण होय. ती सार्वत्रिक व्हावयास सहस्राहून अधिक वर्षे लागली.

हा पालट सुखाचाच होता, असेही नव्हे. तेथील नवाश्मयुगीन स्त्रियांच्या गुडघ्यांवर, कण्यावर व पायाच्या अंगठ्यांवर पाट्यापुढे गुडघे टेकून दीर्घकाळ दळल्याच्या खुणा आढळतात. तेव्हा ‘क्रांती’ ही संज्ञा परिणामांच्या दृष्टीने सार्थ असली, तरी प्रक्रियेच्या दृष्टीने दिशाभूल करणारी आहे. आणि शेतीचे मोल ठरविताना भरलेल्या कणग्यांबरोबर या अस्थींचीही साक्ष घेतली पाहिजे.