शिशुवर्गातील नाच कोठून आला?



मूल बालवाडीतून घरी आले की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आज काय शिकवले?" मूल सांगते, "हत्तीसारखे चाललो, मग बेडूक झालो." आपल्या कपाळाला आठी पडते. फी भरायची ती अक्षरे व अंक यांसाठी, आणि तेथे मुले नुसत्या उड्या मारतात! त्यातून 'नाच' हा शब्द कानी आला की कित्येक घरांत नाराजी अधिकच वाढते. आपली ही तक्रार नवी नाही, ती पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. ज्या शाळांत ही रीत प्रथम रुजली, त्या शाळांवर एका सरकारने बंदीदेखील घातली होती. म्हणून हा इतिहास आपण एकदा पाहावा.

जर्मनीच्या थुरिंगिया भागात लीबेनस्टाइन नावाचे औषधी झऱ्यांचे गाव आहे. १८४९ साली बेर्टा फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलो या सरदार घराण्यातील बाई तेथे हवापालटासाठी आल्या. घरमालकिणीने गावची ताजी बातमी म्हणून सांगितले की, जवळच एक म्हातारा राहावयास आला आहे, तो खेड्यातल्या पोरांबरोबर खेळतो व नाचतो आणि लोक त्याला वेडा म्हणतात. थोड्याच दिवसांत बाईंनी त्याला प्रत्यक्ष पाहिले. पिकलेले लांब केस, मागे अनवाणी मुलांची जोड्याजोड्यांनी चाललेली रांग, आणि तोंडी गाणे! हा 'वेडा' म्हणजे किंडरगार्टनचा जनक फ्रीड्रिख फ्रोबेल. त्या वेळी त्याचे वय ६७ होते.

वर्षाचा होण्याआधीच त्याची आई वारली होती. आईच्या मांडीवर मूल काय शिकते, याचा विचार या माणसाने जन्मभर केला, हे मला फार बोलके वाटते. १८३७ मध्ये त्याने ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. १८४४ मध्ये त्याने मातांसाठी गाण्यांचे व बोटांच्या खेळांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. आपली 'आपडी-थापडी' आठवा, जात तीच.

फ्रोबेलचे लाकडी ठोकळे व चेंडू जगभर गेले, परंतु त्याचे रिंगणाचे खेळ मात्र पुष्कळांना ठाऊक नसतात. मुले हात धरून उभी राहिली की ते झाले कबुतरखान्याचे घर. रिंगण उघडले की आतली मुले पंख हलवीत बाहेर जात आणि फिरून घरी परत येत. यात शिकण्यासारखे काय, असे आपण विचाराल. आत आणि बाहेर, जवळ आणि दूर, उघडे आणि मिटलेले हे शब्द मूल येथे पायांनी शिकते. शिवाय आपली पाळी येईपर्यंत थांबायलाही शिकते, आणि ही गोष्ट तीन वर्षांच्या वयात सोपी नसते.

ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याच्या लिखाणातील विचार काकाच्या नावावर घालून या शाळा समाजवादी व नास्तिक ठरविल्या गेल्या. खुलासे झाले, पण उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी, जून १८५२ मध्ये, फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० मध्ये. दरम्यान त्याच मारेनहोल्ट्झ बाईंनी देशोदेशी हिंडून हे काम परमुलखात पोचविले होते.

पुढचा धागा जिनिव्हाच्या संगीतशाळेत सापडतो. तेथील अध्यापक एमिल जाक-दालक्रोझ यांना आढळले की, विद्यार्थ्यांना कागदावरचा ताल वाचता येतो, पण त्यांच्या अंगात तो उतरलेला नसतो. त्यांनी विद्यार्थ्यांना बाकावरून उठवून पियानोच्या तालावर चालावयास लावले. सूर बदलला की चाल बदलायची, सूर थांबला की थांबायचे. ही पद्धत लहान मुलांना तर फारच मानवली. रुडॉल्फ लाबान यांनी आणखी एक पाऊल टाकले. १९४८ मध्ये इंग्लंडात निघालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी शाळेतील नृत्य ठरीव पावलांपासून सोडविले. हालचाल जड की हलकी, जलद की संथ, सरळ की वळणाची, एवढेच मुलाने अनुभवावे, असा त्यांचा आग्रह होता.

आपल्याकडे मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये मद्रासजवळ अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. त्यांच्या वर्गात जमिनीवर लंबवर्तुळाकार रेषा आखलेली असे. हातात पाण्याचा पेला किंवा घंटा घेऊन, पाणी न सांडता व घंटा न वाजविता मुलाने त्या रेषेवरून चालायचे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे काम उभारले. १९५७ पासून ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर चालू झाले. महागड्या साधनांऐवजी शंख, बिया, खडे आले आणि शाळा वारल्यांच्या अंगणात गेली. तेथील मुलांना रिंगणाची नव्याने ओळख करून देण्याची गरज नव्हती. तारप्याभोवती एकमेकांना धरून फिरणारी मोठी माणसे ती जन्मापासून पाहत होती. 'अंगणवाडी' हा शब्द पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेतून देशभर गेला.

आता आपल्या शाळांकडे पाहा. स्नेहसंमेलनासाठी चार वर्षांच्या मुलीला रंग फासून सिनेमाच्या गाण्यावर महिनाभर घोटवून घेतात, त्याचा वरील इतिहासाशी काडीचा संबंध नाही. तेथे मूल मोठ्यांची नक्कल करते, आणि चुकले तर बोलणी खाते. त्याविरुद्ध कोणी पालक बोलत असेल तर मी त्याच्या बाजूचा आहे. वर्गातल्या हालचालीला मात्र प्रेक्षक नसतात, पोशाख नसतो आणि चूकही नसते. बाई डफली वाजवितात, मुले चालतात. डफली थांबली की सारी जागच्या जागी थिजतात. त्या क्षणी एका पायावर तोल सावरीत उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा नीट पाहा. आपले सगळे शरीर ताब्यात ठेवण्यासाठी त्याची केवढी खटपट चाललेली असते! पुढे पेन्सिल धरून ओळीवर अक्षर ठेवताना त्याला हाच ताबा लागणार असतो.

या कामाला खर्च जवळजवळ नाही. डफली नसेल तर पत्र्याचा डबा आणि काठी चालते. अडते ते जागेपाशी, कारण आपल्या बहुतेक शिशुवर्गांत बाकांनीच खोली भरलेली असते. ती बाके भिंतीला लावली, तर पंचवीस मुलांचे रिंगण आरामात मावते.