पत्र पावले, पण मजकूर ध्यानी आला काय?



जुनी मराठी पत्रे वाचू लागले म्हणजे एक गोष्ट सहज नजरेत भरते. पत्र पोचले एवढे कळवून मराठेशाहीतील कारकून थांबत नसे. पत्र प्रविष्ट झाले हे एक, आणि लिहिला मजकूर ध्यानास आला हे दुसरे. पुष्कळदा तर तो आलेल्या पत्रातील कलम न् कलम पुन्हा लिहून काढी: तुम्ही अमुक लिहिले, तमुक मागितले, ते कळले, आता त्याचे उत्तर असे. आज हे वाचताना कंटाळा येतो खरा. परंतु मूळ पत्र गहाळ झाले असता त्यात काय होते हे अशा उत्तरावरूनच समजते, म्हणून इतिहाससंशोधक या पाल्हाळाचे ऋणी आहेत. लिहिणाराला मात्र संशोधकांची फिकीर नव्हती. आपला शब्द पलीकडे कोणत्या अर्थाने पोचला हे पाठविणाराला त्यावरून दिसे, आणि घोटाळा झाला असेल तर पुढल्या जासुदाबरोबर तो निस्तरता येई. (रेल्वेत आजही, जेथे टेलिफोनवरून फाटक बंद करवितात तेथे, गेटमन नुसते 'बंद केले' म्हणून सुटत नाही, आपल्या तक्त्यातला आकडा सांगतो आणि स्टेशनमास्तर तो टिपून घेतो.)

ही काळजी रिकामी नव्हती. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे लटकवायची; शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. शब्द भलत्या जागी तुटला की अर्थ फिरला. त्यात हुकूम पाळणारा शिपाई बहुधा निरक्षर. लेखणीतून निघालेली आज्ञा वाचणाराच्या तोंडातून त्याच्या कानी पडायची.

आता आपल्याच जिल्ह्यातले एक पत्र पाहू. 1674 चा मे महिना. रायगडावर राज्याभिषेकाची तयारी चाललेली आणि पाऊस तोंडावर आलेला. चिपळुणाजवळ हालवर्ण येथे छावणीस असलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना शिवाजी महाराजांनी हे पत्र पाठविले. दाभोळ सुभ्यात पावसाळ्यासाठी केलेला दाणावैरणीचा साठा आधीच्या मुक्कामात खर्च झाला होता. मोठ्या खटपटीने नवा जमविला होता, तो पुरवून वापरायचा होता.

चार ओळींत हे सांगता आले असते. महाराजांनी तसे केले नाही. आज वैरण मन मानेल तशी उधळलीत तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरी शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी भाजी. जी रयत कशीबशी टिकून आहे ती गाव सोडील आणि तुम्हांला मोगलांहून वाईट समजेल. म्हणून काय हवे ते बाजारातून पैसे देऊन घ्यावे. विस्तवाबद्दलही असेच. चूल भलत्या ठिकाणी मांडली, चिलमीचा निखारा पडला, वारा सुटला, की एक खोपट पेटून सारी छावणी आणि गवताच्या गंजी जातात. नंतर कुणब्यांच्या माना कापल्या तरी काडी मिळणार नाही. रात्री जळता दिवा ठेवू नका, पेटती वात उंदीर ओढून नेईल, हेसुद्धा त्यात आहे!

छत्रपतीने उंदराविषयी लिहावे याचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते कारण सांगणे. नुसता 'दिवा विझवा' असा हुकूम असता तर शिपायाने दिवा विझविला असता आणि चिलीम पेटती ठेवली असती. उंदीर, वात, गवत, घोडे ही साखळी डोळ्यांपुढे उभी राहिली की हुकुमात नसलेला धोकाही त्याला ओळखता येतो.

शेवटी महाराज लिहितात की, जितके जुमलेदार, हवालदार, कारकून आहेत तितक्यांनी हा रोखा तपशिलाने ऐकावा. एकाने ऐकून इतरांस सांगावा असे नव्हे. पण ऐकल्यावरही त्यांचे समाधान नाही. होकार देणे सोपे असते; म्हणून रोजच्या रोज खबर घ्यावी, ताकीद द्यावी, आणि ज्याच्याकडून अंतर पडेल त्याची इज्जत राहणार नाही, मग चाकरी कुठली, असे बजावून पत्र संपते.