विमानाचं नाक नागपूरचं

१८ जून २०२५ ला पॅरिसच्या विमान प्रदर्शनात एक घोषणा झाली आणि लगेच आपल्याकडे 'नागपुरात बनणार बिझनेस जेट' असे मथळे झळकले. दसॉल्टचं फाल्कन २००० एलएक्सएस हे विमान मिहानमध्ये पूर्ण जोडलं जाणार, आणि पहिलं नागपुरी विमान २०२८ पर्यंत उडणार. फाल्कन जातीचं विमान फ्रान्सबाहेर पूर्ण जोडलं जाण्याची ही पहिलीच वेळ. आमच्या लोणखेड्यात टपरीवर यावर एकाने सांगितलं, "आपली शहादा-नंदुरबार एस.टी. वेळेवर आली तरी पुष्कळ." मुद्दा बिनतोड आहे! पण मला या विमानाच्या कुळाची गोष्ट फार आवडते, म्हणून आज तीच लिहितो.

(खरा उच्चार 'दासो'. पण आपल्या पेपरांनी दसॉल्ट रूढ केलंय, तर तेच ठेवू. हे आडनावही मूळचं नाही. मालकाचं नाव मार्सेल ब्लॉक. नाझींनी त्याला बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं होतं. तिथून जिवंत परतल्यावर त्याने भावाचं भूमिगत चळवळीतलं टोपणनाव थोडं बदलून आडनाव म्हणून घेतलं.)

या कंपनीची आणि आपली ओळख राफेलच्या कितीतरी आधीची आहे. १९५३ मध्ये आपल्या हवाई दलाने त्यांची उरागन विमानं घेतली, त्यांना आपण 'तूफानी' म्हणत असू. मग १९५७ पासून मिस्टेअर आली, ती १९६५ च्या युद्धात लढली. आता गंमत बघा. १९६१ च्या डिसेंबरात मार्सेल दसॉल्टने आठ-दहा माणसांच्या जेटला हिरवा कंदील दाखवला, तेव्हा त्याच्या पंखांमागचं गणित या मिस्टेअर लढाऊ विमानाकडूनच आलं होतं. नावसुद्धा मिस्टेअर २०. म्हणजे साहेबलोकांना मीटिंगला नेणाऱ्या या विमानाचे चुलते आपल्याकडे आधीच नोकरीला होते :)

४ मे १९६३ ला ते बोर्दोजवळ पहिल्यांदा उडालं. अमेरिकेची पॅन ॲम कंपनी तेव्हा विकण्यासाठी असं छोटं जेट शोधत होती आणि तिचा सल्लागार होता चार्ल्स लिंडबर्ग, एकट्याने अटलांटिक ओलांडणारा तोच. त्याने विमान पाहिलं आणि आपला पक्षी सापडला अशी तार मालकांना धाडली. ४० विमानांची पक्की ऑर्डर आली, वर आणखी १२० चा पर्याय. अमेरिकेसाठी नाव ठेवलं फाल्कन, म्हणजे ससाणा. पण त्या ऑर्डरबरोबर दुरुस्त्याही आल्या. इंजिनं बदलली, धड लांबवलं, एका चाकाऐवजी दोन बसवली. पहिल्यांदा उडालेलं विमान आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडलेलं विमान यात असं दोन वर्षांचं काम असतं, आणि वर्तमानपत्रात ते कधीच येत नाही.

पुढे १९७३ च्या एप्रिलमध्ये मेंफिसहून १४ फाल्कन पहिल्या रात्री १८६ पार्सलं घेऊन निघाली. ती कंपनी म्हणजे आजची फेडेक्स! आज दारात कुरिअर येतं, त्या धंद्याचा एक पाय या विमानावर उभा आहे.

खऱ्या अर्थाने हलकं म्हणावं असं जेट त्यानंतरचं, फाल्कन १०. मोठ्या भावाला आटवून केलेलं. १ डिसेंबर १९७० ला पहिलं उड्डाण. भरलेलं वजन साडेआठ टनांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या उसाच्या भरलेल्या ट्रकपेक्षाही कमी, आणि १९७१ मध्ये याच्या नमुन्याने हजार किलोमीटरच्या फेरीत ताशी ९३० चा विक्रम केला. विकली गेली मात्र सव्वादोनशेच. धाकट्या जेटांचा धंदा असा बेभरवशाचा. विमान लहान केलं म्हणून इंजिनं, चाचण्या आणि परवाने यांचा खर्च त्या प्रमाणात लहान होत नाही. पुढे अमेरिकेतल्या एक्लिप्सने याहून छोटं जेट दहा लाख डॉलरच्या आत देऊ म्हणत गाजावाजा केला, २००६ मध्ये परवाना मिळवला आणि २००८ मध्ये दिवाळं काढलं. दसॉल्टने तो नाद सोडला आणि विमानं मोठीच करत नेली.

नागपूरला येणारं फाल्कन २००० त्याच वाटेवरचं. ४ मार्च १९९३ ला ते पहिल्यांदा उडालं. आजच्या एलएक्सएसचा पल्ला सुमारे ७,४०० किलोमीटर, म्हणजे कागदावर मुंबईहून पॅरिस न थांबता. उंची ४७,००० फुटांपर्यंत, प्रवासी विमानांच्या गर्दीच्या वर. पण मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगाची नाही, हळू जाण्याची आहे. पंखाच्या पुढच्या कडेला सरकत्या पट्ट्या असतात. उतरताना त्या पुढे आल्या की पंख कमी वेगातही हवा धरून ठेवतो. या मॉडेलात त्या पट्ट्या थेट धडापर्यंत नेल्या. त्यामुळे ते थोड्या वजनावर सातशे मीटरच्या आत उतरू शकतं. चढायला मात्र भरलेल्या वजनाला चौदाशे मीटर हवेतच. आमच्या जवळच्या धावपट्ट्या म्हणजे शिरपूर, नाहीतर धुळे. छोटं जेट विकत घेणारा आधी हेच बघतो, की ते किती छोट्या गावात उतरेल. असो, लोणखेड्यात कोणी गिऱ्हाईक नाही.

आता नागपूर. २०१६ मध्ये ३६ राफेलचा करार झाला, त्यातल्या ऑफसेटच्या अटीतून दसॉल्ट-रिलायन्स ही भागीदारी निघाली. त्यावरून झालेलं राजकारण तुम्हाला ठाऊक आहे, मी त्यात शिरत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये मिहानमध्ये पायाभरणी झाली आणि २०१९ मध्ये तिथून फाल्कन २००० चं पहिलं नाक, म्हणजे वैमानिकाच्या कक्षाचा सांगाडा, फ्रान्सला गेलं. सहा वर्षं नाकं आणि इतर भाग केल्यावर आता पूर्ण विमानाचं काम मिळतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये दसॉल्टने आपला हिस्सा ४९ वरून ५१ टक्के करायचं जाहीर केलं, तेव्हा शेवटचा शब्द कुणाचा हेही स्पष्ट झालं.

आमच्या घरातला एक भाचा फिटरचा आयटीआय करतोय. त्याने फोनवर विचारलं, "मामा, तिथे लागलो तर विमान बनवायला शिकेन, की नुसते रिव्हेट मारायला?"

मी त्याला सांगितलं ते असं. रिव्हेटला 'नुसते' म्हणू नकोस. इतक्या उंचीवर केबिनमध्ये हवा दाबून भरलेली असते, प्रत्येक उड्डाणात ते धड फुगतं आणि पुन्हा बसतं. भोक जरा वाकडं पडलं तर तडा तिथूनच सुरू होतो. हे काम हाताला यायला वर्षं लागतात. पण जोडणी म्हणजे रचना नव्हे, हेही खरं. अमेरिकेत लिटल रॉकला दसॉल्टचा कारखाना १९७५ पासून आहे. तिथे खुर्च्या बसतात, रंग लागतो. विमान कसं असावं हे पन्नास वर्षांनंतरही तिथे ठरत नाही. इटलीच्या अलेनियाने मात्र फाल्कन २००० मध्ये सुरुवातीलाच पैशाची जोखीम घेतली, आणि मागचं धड त्यांच्याकडे गेलं.

आणि रचनेच्या बाजूला आपली माणसं नाहीत असंही नाही. विमानाचे वळणदार पृष्ठभाग काढायला दसॉल्टच्या इंजिनिअरांनी १९७७ मध्ये एक संगणक प्रणाली करायला घेतली, तीच कॅटिया. तिच्यासाठी निघालेल्या दसॉल्ट सिस्टीम्सने २००२ मध्ये जिओमेट्रिकबरोबर भागीदारी करून पुण्यात थ्रीडीपीएलएम काढली. हे वाचणाऱ्यांपैकी एकदोघांनी तिथे कोड लिहिलाही असेल. म्हणजे ज्या साधनाने विमान रेखाटलं जातं त्यावर पुण्यात काम होतं, जे रेखाटलं ते नागपुरात जोडलं जाणार, आणि मधलं रेखाटणं पॅरिसजवळच्या सँ-क्लूच्या कचेरीत. भाच्याला मी म्हटलं, नागपूरला अर्ज कर, आणि संध्याकाळी कॅटियाचा क्लास लाव. फी मी भरतो.