गाण्यांचा क्रम आणि गीतरामायण



भाद्रपदात चतुर्थीच्या संध्याकाळी पेणला किंवा रोह्याला एखाद्या घरी आरतीला उभे राहा. आधी गणपतीची आरती, मागून देवीची, शंकराची, विठ्ठलाची, आणि सर्वांत शेवटी मंत्रपुष्पांजली. एखाद्या पोराने प्रसादाच्या घाईने मंत्रपुष्पांजली मध्येच सुरू केली, तर आजोबा डोळे वटारतात. का बरे? शब्द तेच, चाल तीच, म्हणणारेही तेच. पण मंत्रपुष्पांजली कानी पडली की आता हातातली फुले वाहायची, पूजा पुरी झाली, हे मनाला आपोआप कळते. ती मध्येच आली तर मन गोंधळते. म्हणजे गाण्याला शब्द आणि चाल असतात, तशी एक जागाही असते.

आपल्या लोकांना ही जाण फार जुनी आहे. तमाशात आधी गण, मग गवळण, पुढे बतावणी, लावणी आणि वग. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. गाण्याच्या बैठकीत भैरवी सुरू झाली की लोक वहाणा कुठे ठेवल्या ते आठवू लागतात!

मग ग्रामोफोन आला. आपल्या देशात १९०२ साली कलकत्त्याला गाणी मुद्रित झाली. त्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. गाणे असे सुटे झाले. मागचे-पुढचे गाणे कोणते, हे ज्याच्या हाती तबकडी तो ठरवू लागला. १९४८ साली अमेरिकेत बाजूला वीसेक मिनिटे वाजणारी मोठी तबकडी निघाली, तेव्हा पहिले गाणे कोणते आणि शेवटचे कोणते हा प्रश्न तिकडच्या लोकांना नव्याने पडला. मराठीत मात्र क्रमाचा मोठा प्रयोग तबकडीने नव्हे, रेडिओने केला. तो म्हणजे गीतरामायण.

पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. तिथल्या सीताकांत लाड यांनी आपले मित्र ग. दि. माडगूळकर यांच्यापुढे वर्षभर चालणाऱ्या गीतमालिकेची कल्पना मांडली. शब्द माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पहिले गीत झाले. आठवड्याला एक, अशी बावन्न गीते व्हायची होती. पण त्या वर्षी अधिक मास आला, आणि रामनवमी ते रामनवमी हा हिशेब जमवायला गीते छप्पन झाली. शेवटचे गीत १९ एप्रिल १९५६ रोजी लागले.

आता बघा, ऐकणाऱ्याच्या हातात त्या वेळी काहीच नव्हते. पुढचे गाणे आधी ऐकता येत नव्हते, मागचे हवे तेव्हा लावता येत नव्हते. आठवडाभर एक गाणे मनात घोळवायचे आणि दुसऱ्याची वाट बघायची. मालिका सुरू झाली रामनवमीला, पण रामजन्माचे गीत सहावे! आधी अयोध्येचे वैभव, त्यानंतर पुत्र नाही म्हणून झुरणारी कौसल्या, तिची समजूत घालणारा दशरथ, यज्ञातले पायसदान, आणि मग जन्म. एवढे आठवडे वाट पाहिल्यावर पाळण्याचा आनंद निराळाच होणार.

दुसरे उदाहरण घ्या. श्रीराम भरताची समजूत घालतात, ते गीत आज कितीतरी जणांच्या तोंडी आहे. सुटे ऐकले तर ते वैराग्याचा सर्वसाधारण उपदेश वाटते. पण त्याची जागा पाहा. आधी दशरथाचा अंतकाळ. मग आईवर संतापलेला भरत. मग भरत सैन्य घेऊन येतो आहे असे पाहून संतापलेला लक्ष्मण. एकामागून एक दोन भावांचा राग, आणि त्यानंतर थोरल्या भावाचा शांत आवाज : यात दोष कुणाचाच नाही. हा उपदेश जगाला नाही. रडणाऱ्या धाकट्या भावाला आहे. हे क्रमाने ऐकले म्हणजेच कळते.

आणि शेवट? राज्याभिषेकावर थांबता आले असते, सगळे आनंदाने घरी गेले असते. माडगूळकर थांबले नाहीत. चोपन्नावे गीत सीतेच्या डोहाळ्यांचे. तिला पुन्हा वनात जावेसे वाटते. पंचावन्नाव्यात ती खरोखर वनात आहे, पण टाकलेली. आता जाऊ तरी कुठे, असे ती लक्ष्मणाला विचारते. हौसेचे आणि दुःखाचे गीत असे शेजारी शेजारी ठेवले आहे. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. छप्पन्नाव्या गीतात वाल्मीकी कुश-लवांना रामायण गायला पाठवतात. ते गीत भैरवीत आहे, बैठकीच्या रिवाजाप्रमाणे.

पण इथे खरी गंमत आहे. पहिले गीत कोणते होते? भूप रागातले, त्याच दोन मुलांचे रामाच्या दरबारात गाणे. समोर बसले आहेत ते आपले वडील, हे पोरांना ठाऊक नाही. म्हणजे छप्पन्नावे गीत कथेत पहिल्याच्या आधीचे! शेवट आपल्याला पुन्हा आरंभाशी आणून सोडतो. मात्र आता आपण सीतेचा प्रश्न ऐकलेला आहे. तेच पहिले गीत पुन्हा ऐकताना ती सभा, तो राजा, ती मुले सगळे वेगळे दिसते. पेणच्या कारखान्यांत मूर्तीचे रंगकाम होत आले की डोळ्यांची आखणी करतात, आणि इतका वेळ माती असलेला गणपती आपल्याकडे बघू लागतो, तसेच हे.

आज गीतरामायण मोबाइलवर मिळते. हवे ते गाणे लावा, नको ते ओलांडा. त्यात वावगे काही नाही. आवडीचा अभंग आपण शेतातही गुणगुणतोच. पण शिक्षकहो, एवढे करून पाहा. वर्गात आधी भरताचे, मग लक्ष्मणाचे आणि मग श्रीरामाचे गीत लावा. दुसऱ्या दिवशी श्रीरामाचे तेवढे एकटे लावा. काय फरक वाटला ते मुलांनाच विचारा. आणि घरी कधी सवड झाली, तर शेवटची दोन गीते ऐकून लगेच पहिले लावा. मध्ये बोलू नका.