ढोकीचा कारखाना आणि सभासदाचा जाब

धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीची ओळख तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्याशी जोडलेली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 ने अशा संस्थांसाठी कडक उपाय ठेवले: कलम 81 खाली लेखापरीक्षण, 83 खाली चौकशी, 88 खाली नुकसानीची जबाबदारी ठरवून वसुली. कायदा कमजोर नव्हता. जाब विचारणारा सभासद अडकलेला होता. ऊस तोडला नाही तर वाळतो, आणि तोडीची पाळी कारखानाच ठरवतो. ज्याच्या हाती तोड आहे त्याच्याकडे हिशेब मागायचा, ही सहकारातली खरी अडचण, आणि तिच्यावर कोणत्याही कलमात उत्तर नाही.

राज्यात जाब विचारण्याची इतर साधनेही आली: लोकायुक्त कायदा 1971 मध्ये, माहिती अधिकार कायदा 2002 मध्ये आला. 2003 मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर चार मंत्र्यांवरील आरोपांसाठी न्या. पी. बी. सावंत आयोग नेमला गेला. त्यांपैकी एक मंत्री याच जिल्ह्याचे होते. 2005 च्या अहवालाने तिघांवर ठपका ठेवला, हजारे यांच्या न्यासाच्या एका खर्चावरही. 2011 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कारवाईने राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ गेले. ढोकीचा कर्जबाजारी कारखाना मात्र अनेक हंगाम बंदच राहिला आणि पुढे भाडेतत्त्वावर देण्यात आला.