निवडुंगाच्या माळावरचें बालपण

जुन्या गांवांत जन्मलेल्या मुलाला आठवणी वारशानें मिळतात. वाडा कोणत्या पूर्वजानें बांधला, पारावरचा पिंपळ कोणीं लावला, जत्रेंत पहिला मान कोणाच्या घराचा, हें सारें त्याला आजीच्या तोंडून कळतें. परंतु जें गांव मुलाहूनही वयानें लहान आहे, तेथें वाढणाऱ्या मुलाला या गोष्टी कोणीं सांगाव्या ? महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर शोधूं जातां दृष्टि किर्लोस्करवाडीकडे वळते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगरांचा कारखाना आधीं बेळगांवास होता. म्युनिसिपालिटीच्या हुकमामुळें ती जागा त्यांना सोडावी लागली. तेव्हां औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन दिली व दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० सालीं लक्ष्मणराव मोजक्या सहकाऱ्यांसह व त्यांच्या कुटुंबांसह तेथें आले. समोर होता तो ओसाड माळ. त्यावर निवडुंग माजलेला आणि निवडुंगाखालीं सापांची वस्ती.

इतिहासकार अशा प्रसंगीं भांडवल मोजतो, यंत्रें मोजतो. त्या माळावर बिऱ्हाड मांडणाऱ्या गृहिणींचे कष्ट कोणत्याही जमाखर्चांत येत नाहींत. सासर-माहेर मागें राहिलेलें. अडीअडचणीला धांवून येणारी जुनी शेजारीण नाहीं. अशा ठिकाणीं शेजारी हाच आप्त होतो. मुलांना रक्ताचे काका-मावशी सुटींत भेटावयाचे. रोजचे काका-मावशी भिंतीपलीकडे राहावयाचे. लक्ष्मणरावांचे बंधु रामूअण्णा यांनीं या वसाहतीची व्यवस्था एखाद्या घरकर्त्याप्रमाणें पाहिली. त्यामुळें गांव आणि कुटुंब यांच्यामधली रेषा तेथें पुसट राहिली.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांचा जन्म १९०३ चा. म्हणजे वाडी वसली तेव्हां ते सात वर्षांचे होते. पुढें त्यांनीं आत्मचरित्र लिहिलें, त्याला नांव दिलें 'कॅक्टस अँड रोझेस', म्हणजे निवडुंग आणि गुलाब. जुन्या गांवचें मूल झाडाच्या सावलींत खेळतें. नव्या गांवचें मूल झाडाबरोबर वाढतें. आपल्या गांवाचा आरंभ त्यानें ऐकलेला नसतो, पाहिलेला असतो. म्हणून अशा गांवीं घरगुती आठवण हेंच इतिहासाचें पहिलें साधन ठरतें.

वाडी मोठी झाली. शंकरराव किर्लोस्करांनीं १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' हें नियतकालिक सुरू केलें. त्यामागून १९३० सालीं 'स्त्री' व १९३४ सालीं 'मनोहर' हीं मासिकें निघालीं. ज्या माळाचें नांव पूर्वीं कोणाला ठाऊक नव्हतें, तें शहरांतल्या घराघरांतून वाचलें जाऊं लागलें.

परंतु नव्या गांवाचें दुसरें अंगही सांगितलें पाहिजे. कारखान्याच्या वसाहतींत घर नोकरीशीं बांधलेलें असतें. नोकरी संपली कीं ज्या अंगणांत मुलें रांगलीं तें अंगण दुसऱ्याचें होतें. शिवाय अशा गांवाचा सारा जीव एका कारखान्यांत असतो. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलींत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यांत आली. लक्ष्मणराव तेव्हां अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. जीं मुलें त्या माळावर लहानाचीं मोठीं झालीं, त्यांना दुसरें गांव नव्हतें. जळालें तें त्यांचें मूळ ठिकाणच होतें. अडतीस वर्षांच्या गांवालाही मुळें असतात, हें त्या ज्वाळांनीं दाखविलें. कारखाना पुन्हां उभा राहिला. लक्ष्मणराव १९५६ सालीं निवर्तले, पण वाडी टिकली, आणि पूर्वींचें कुंडल रोड स्टेशनही पुढें तिच्याच नांवानें ओळखलें जाऊं लागलें.

प्रत्येक जुनें गांव केव्हां तरी नवें होतें. पण तें वसतांना पाहणारीं मुलें काळाच्या उदरांत गेलीं व त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबर गेल्या. नव्या गांवांचें भाग्य असें कीं, तेथील आठवणी लिहून ठेवावयास अजून अवधि असतो. पहिल्या पिढीचीं मुलें म्हातारीं होण्यापूर्वीं त्यांना विचारलें पाहिजे. नाहीं तर कारखान्याचा इतिहास राहील आणि गांवाचा हरवेल.